बेटाचं माप

रोना इझबिस्टरनं मासिकातलं पान कापून ठेवलेलं:
आठ फूट लांब, चार फूट रुंद,
पांढरा दगड, आणि वर एकच लिंबू.
"अस्संच हवं," म्हणाली.
बाहेर वेस्ट्रेचा वारा
गोठ्याचं पत्र्याचं दार आपटून आपटून बघत होता
अजून किती दिवस टिकतंय.

मी सुतार. बापानं होड्या बांधल्या, मी ओटे बांधतो.
गिऱ्हाइकाला नाही म्हणायला जीभ वळत नाही,
तेव्हा मी टेप काढतो.

स्वयंपाकघर अकरा फूट रुंद.
दोन भिंतीकडच्या ओट्यानं आधीच खाल्लेले.
उरले नऊ. त्यातून हे चार गेले
की दोन्ही अंगांना अडीच-अडीच.
कागदावर अडीच फूट म्हणजे ऐसपैस.
कागदाला कंबर नसते.

हे मी बोललो नाही.
फरशीवर निळी चिकटपट्टी मारली,
धक्क्यावरून माशांचे रिकामे क्रेट आणले,
रचले, वर एक जुनं दार आडवं टाकलं.
"आठवडाभर यात नांदा. शुक्रवारी येतो."

शुक्रवारी तिनं चहा दिला आणि
बोलता बोलता हात कमरेच्या उजव्या बाजूला गेला,
तिथून निघेना.
"ओव्हनचं दार उघडलं की वीतभर उरते.
रविवारी मी भाजलेला ट्रे धरून उभी,
ना पुढे ना मागे,
आणि गिल्बर्टला नेमके तेव्हाच बूट काढायचे होते."
मग दाराच्या मधोमध बोट दाखवलं:
पिठाचा एक पांढरा ठिपका.
मंगळवारचा.
या बाजूनं हात पोचत नाही, त्या बाजूनंही नाही.

एवढ्यात खालच्या क्रेटमधून कुणीतरी शिंकलं.

पेंढ्यात कोकरू.
रात्री मेंढीला जुळं झालं, तिनं एकालाच चाटलं.
"दरवर्षी एक तरी येतंच," रोना म्हणाली.
"आधी चुलीपुढे खोक्यात असायचं,
मी त्यावर अडखळायची.
इथे ऊब लागते, आणि पायात येत नाही."
मासिकातल्या पानावर
हे कुठंच नव्हतं. माझ्या वहीतही.

बाप म्हणायचा,
बेटाचं माप जमिनीवरून घेऊ नये,
भोवतीच्या पाण्यावरून घ्यावं,
होडी वळायला लागतं तेवढं पाणी आधी सोडायचं,
उरेल ती जमीन आपली.
मी तेव्हा नऊ वर्षांचा. मला वाटायचं,
म्हातारा दारूत बोलतोय.

पट्टी उपटली. पुन्हा मारली.
चुलीकडे साडेतीन फूट, खिडकीकडे तीन,
मधे जे राहिलं ते: अडीच रुंद. लांबी पाच.
उंची तिच्या कोपरापासून एक मूठ खाली,
कणीक मळायची तर खांदे वर जायला नकोत.
चुलीकडचा कोपरा गोल,
त्या कमरेसाठी.
खिडकीकडे गुडघ्यांना फूटभर पोकळी.

"स्टुलं चार," ती म्हणाली.
"पाच फुटांत अडीच माणसं बसतात."
"मग तीन. नातू अर्धाच आहे."

खालचा एक कप्पा उघडा ठेवला,
चुलीच्या बाजूला, दार नाही, खण नाही,
तळाला पत्रा, धुता येईल असा.
गिल्बर्टनं वाकून बघितलं, म्हणाला,
एवढ्यात भांडी किती मावली असती.
कुणी उत्तर दिलं नाही.

मेच्या आरंभी वरची फळी बसवली. दगड नाही, बीच.
तेल पाजलं, दोनदा.
निघताना मला ते पान आठवलं.
"आता वर एक लिंबू ठेवा."
"लिंबू?" ती हसली.
"तीन दिवस बोट कुठं आलीय?"
आणि हातातली दुधाची बाटली,
अर्धी, कोमट, रबरी बुचाची,
तिनं बरोब्बर मधोमध ठेवली,
ह्या बाजूनं हात लांबवून.